तारीख नसलेली ओळ

मानवटकर साहेबांना मी ओळखत होते असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. सहा वर्षं आम्ही एका टेबलाच्या दोन बाजूंना बसलो, एका मोटारसायकलवरून गोठे पालथे घातले, त्यांच्या घरची भाजी मी माझ्या डब्यापेक्षा जास्त खाल्ली. तरी कुणी विचारलं की माणूस कसा होता, तर मी आधी गोंधळते आणि मग त्यांच्या फाईलबद्दल बोलायला लागते. फाईलबद्दल बोलता बोलता माणूस राहूनच जातो. आज तसं होऊ द्यायचं नाही असं ठरवून बसले आहे, पण सुरुवात फाईलपासूनच करावी लागणार.

दारव्हा तालुक्यात, बोरी अरबहून आत गेल्यावर एक गाव आहे. नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथल्या गुरांच्या दवाखान्यात साहेब डॉक्टर होते आणि मी पशुधन पर्यवेक्षक म्हणून रुजू झाले. मी पुसदकडची, तांड्यावरची, म्हणून पहिल्या दिवसापासून मी 'राठोड बाई'. आमच्यात तिसरे रहीमभाई, परिचर, साहेबांच्याच वयाचे. साहेब उंच, जरासे वाकलेले. डाव्या हाताची बाही मनगटापर्यंत बटण लावून बंद आणि उजव्या हाताची खांद्यापर्यंत दुमडलेली. गायीच्या आत हात घालून तपासायचं काम दिवसातून चार वेळा, दरवेळी बाही कोण वर-खाली करत बसेल, असं त्यांचं म्हणणं होतं. लग्नकार्यातही ते तसेच यायचे. आधी लोक हसायचे, मग हसायचंही विसरले.

तर फाईल. पुण्याच्या भाच्यानं दिलेला एक जुना लॅपटॉप साहेबांकडे होता आणि त्यात नुसत्या अक्षरांची एक फाईल होती. चित्र नाही, रंग नाही, चौकटी नाहीत. काळा पडदा, पांढरी अक्षरं आणि प्रत्येक ओळीच्या आधी एक चांदणी. फाईलचं नाव 'सगळं'. कुठली गाय कधी भरवली, म्हणजे रेतन केलं, ती परत माजावर आली का ते पाहायला एकविसाव्या दिवशी कधी जायचं, तिसऱ्या महिन्यात तपासणी कधी, वासरू कधी येणार, बर्फाची पेटी कधी धुवायची, घरातला गॅस कधी लावला, सगळं तिच्यात. भाच्यानं त्यांना शिकवलं होतं की एक कळ दाबली की त्या ढिगातून आजच्या दिवसाची यादी निघते. साहेब ती कळ सकाळी नऊ वाजता दाबायचे, एका बोटानं, चष्मा कपाळावर चढवून.

त्यांच्या जगात तीनच प्रकार होते. भेट, काम आणि मुदत. भेट म्हणजे ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी. दहा मिनिटं आधी घंटी वाजते, आणि दिवस मावळला की भेट यादीतून निघून जाते. तुम्ही गेलात की नाही याच्याशी तिला देणंघेणं नाही. काम तसं नाही. काम त्या तारखेपासून रोज यादीत येतं आणि 'झालं' असं लिहीपर्यंत पिच्छा सोडत नाही. मुदत असेल तर ती काही दिवस आधीपासूनच कानाशी लागते. आणि ज्याला तारीखच नाही ते फाईलच्या तळाशी पडून राहतं, कुठल्याच दिवशी वर येत नाही. हे त्यांनी मला पहिल्या आठवड्यात पाच वेळा सांगितलं. पाचही वेळा मी मान हलवली. कळलं एकदाही नाही.

त्या तळाशी पडलेल्यांत एक ओळ होती. 'विमलचे डोळ्याचे ऑपरेशन.'

विमलकाकू म्हणजे त्यांची बायको. दवाखान्याच्या मागच्याच क्वार्टरमध्ये दोघं राहायचे, मूलबाळ नव्हतं. काकूंना काचबिंदू होता. यवतमाळच्या डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं की आता थेंबांनी भागणार नाही, ऑपरेशन करा. गेलेली नजर परत येत नाही, आहे तेवढी राखायची. काकूंना समोरचं स्वच्छ दिसायचं, बाजूचं जात चाललं होतं. चहाचा कप बाजूला ठेवला की कोपर लागून सांडायचा. दाराची चौकट खांद्याला लागायची. आणि एवढ्या तारखांच्या माणसाच्या फाईलीत नेमकी ह्याच ओळीला तारीख नव्हती. मला पहिल्यापासून हेच कोडं पडलेलं.

विचारलं तर साहेबांचं उत्तर ठरलेलं. ज्याची तारीख त्यानं द्यावी, डोळे तिचे आहेत. हा त्यांचा नियम होता आणि तो त्यांनी कुणासाठी मोडला नाही. आमच्याकडे माणूस तारीख देत नाही. 'येतो ना दोन-चार रोजानं' म्हणतो आणि निघतो. साहेब त्याला दारातून परत बोलवायचे. दोन लिहू की चार, असं विचारायचे. तो बिचारा गांगरून मागं-पुढं पाहायचा आणि तीन लिहा म्हणायचा. साहेब तीन लिहायचे, आणि तिसऱ्या दिवशी तो आला नाही तर चौथ्या दिवशी त्याच्या दारात उभे. लोक वैतागायचे. पण आपली गाय साहेबांच्या त्या लॅपटॉपच्या डब्यात आहे म्हणजे ती सुटणार नाही, एवढं गावातल्या बायकांना पक्कं माहीत होतं. डब्याच्या आत काय आहे ते मात्र माझ्यासारखंच त्यांनाही माहीत नव्हतं.

माझा गोंधळ एकदा चांगलाच अंगाशी आला. साहेब मीटिंगला दारव्ह्याला गेलेले, सकाळी मी यादी काढली. यादीत एका गावाची लाळ्या-खुरकुताची लस होती. मी रहीमभाईंना म्हटलं चला, बर्फाची पेटी भरली, आणि आम्ही उन्हातून अठरा किलोमीटर गेलो. गावात चिटपाखरू नाही. गुरं रानात, माणसं रानात, एक म्हातारी ओसरीवर बसून आमच्याकडे टकमक पाहत होती. तिनं चहा दिला. आम्ही तो पेटीवर नजर ठेवून प्यायलो, कारण लस गरम झाली की गेली कामातून. परत येऊन साहेबांपुढे उभी राहिले तर ते रागावले नाहीत. ते मुदतीचं आहे, म्हणाले, काम पाच दिवसांनी आहे.

"मग आज कायले दाखवते ते?" मी वैतागून त्यांच्याच बोलीत विचारलं.

"आज ते सांगून राह्यलं का पाच दिवसानं हाय म्हणून."

ओळीच्या कडेला तसं लिहिलेलंही होतं म्हणे. मी परत जाऊन पाहिलं. होतं. माझं समाधान तरीही झालं नाही. जे आज करायचं नाही ते आजच्या यादीत कशाला, हा माझा प्रश्न आजही कायम आहे.

पण फाईलनं खुद्द साहेबांनाही गोत्यात आणलं होतं, ते ऐकून मला जरा बरं वाटलं. त्यांच्या धाकट्या साळ्याचं पुसदला लग्न होतं तेव्हाची गोष्ट. साहेबांनी लग्नाची ओळ लिहिताना स्वतःच्या लग्नाच्या वाढदिवसाची ओळ उचलली आणि नाव-तारीख बदलली. वाढदिवसाच्या ओळीत 'दर वर्षी' अशी खूण होती, ती तशीच राहिली. लग्न झालं, सगळे जेवून आले. पुढच्या वर्षी त्याच तारखेला सकाळी यादीत पुन्हा आलं: साळ्याचं लग्न, पुसद, अकरा वाजता. साहेबांनी इस्त्रीचा शर्ट घातला, एक बाही दुमडली, आणि काकूंना म्हणाले आवर. काकू म्हणाल्या कोणाचं लग्न, त्याचं पोरगं पाळण्यात हाय आता. साहेब थोडा वेळ शर्टाच्या बटणाशी खेळत उभे राहिले. मग त्यांनी साळ्याला फोन लावला. लिहिलेलं आहे म्हणजे काही तरी असेल, असं त्यांना वाटलं. फोन साळ्याच्या बायकोनं उचलला. पुढं काय झालं ते काकू कधीच नीट सांगू शकल्या नाहीत, तिथपर्यंत आल्या की पदर तोंडाला लावून हसत सुटायच्या.

ह्याच साहेबांचा एक लाडका शब्द होता, मोकळं. फाईलीत टाकलं की डोकं मोकळं, असं ते उठता बसता म्हणायचे. आणि खरंच होतं ते. एखादी गोष्ट लिहिली की ती त्यांच्या चेहऱ्यावरून पुसली जायची. मरायला टेकलेल्या म्हशीबद्दल सकाळी बेचैन असलेला माणूस, दुपारी चारला तिच्याकडे जायचं असं एकदा लिहिलं, की चारपर्यंत निवांत. मला ह्याचा हेवा वाटायचा. मी म्हैसही डोक्यात घेऊन फिरते आणि घरी याडीचे, म्हणजे आईचे, दुखरे गुडघेही.

काकूंच्या ऑपरेशनचं मात्र लिहिता येत नव्हतं, म्हणून ते डोक्यात होतं. रोज संध्याकाळी दवाखाना बंद करून घरी गेले की चपला काढता काढता ते विचारायचे, "मंग, विमल?" बस, एवढंच. काकूंना कळायचं. सोयाबीन निघू द्या, म्हणायच्या, ऐन हंगामात तुम्ही दवाखाना कुठं सोडता. सोयाबीन निघालं. मग दिवाळी होऊ द्या. दिवाळी झाली. मग थंडी कमी होऊ द्या. साहेब बरं म्हणायचे आणि दुसऱ्या दिवशी चपला काढता काढता परत विचारायचे. मी कितीदा म्हटलं, साहेब, तुम्हीच टाका ना एक तारीख. ते माझ्याकडे असं पाहायचे की मी त्यांना दुसऱ्याची खोटी सही करायला सांगते आहे.

तुरीच्या शेंगा आल्या होत्या तेव्हा एका दुपारी मी काकूंसोबत शेंगा सोलत बसले होते. त्यांच्या डाव्या बाजूला पडलेल्या शेंगा तशाच राहत होत्या, मी त्या गुपचूप समोर सरकवत होते. शेवटी मला राहवलं नाही. मी चिडूनच म्हटलं, काकू, तुम्ही तारीख का देत नाही, भीती वाटते का? काकू म्हणाल्या, भीती कशाची. आणि मग शेंग हातात तशीच धरून बोलल्या.

"तारीख देली का ते फाईलीत जाते. अन् फाईलीत गेलं का यांच्या डोक्यातून जाते. थेंबाचं तसंच झालं ना. आधी सोता विचारत, टाकले का, माह्या डोळ्यात वाकून पाहत. मंग ते लिहून टाकलं. आता घंटी वाजते अन् ते तिकडूनच म्हणतात, विमल, थेंब. मान बी वर करत नाहीत. आता हे एकच राह्यलं का जे ते मले रोज विचारतात."

"अन् नजर गेली तर?"

"समोरचं तर दिसते ना," काकू म्हणाल्या आणि शेंग सोलली.

मला दोघांचाही राग आला. ह्यासाठी कुणी डोळे घालवतं का? घरी जाऊन विचार केला तर तोही राग टिकेना. तीस वर्षांच्या संसारात संध्याकाळचे दोन शब्द एवढे जड असतील तर त्यात चूक कुणाची, हे मला ठरवता येईना. साहेबांना सांगावं तर काकूंचा विश्वास मोडतो. न सांगावं तर डोळा जातो. काकूंनी सांग म्हटलं नव्हतं, सांगू नको असंही म्हटलं नव्हतं. आठ दिवस मी हे घेऊन फिरले. त्या आठ दिवसांत मला पहिल्यांदा वाटलं की आपल्याकडेही एखादी फाईल असती तर बरं झालं असतं.

शेवटी एका गोठ्यात सांगून टाकलं. तीन महिन्यांची तपासणी होती. साहेबांचा उजवा हात खांद्यापर्यंत गायीच्या आत, गाल तिच्या पाठीला टेकलेला, लॅपटॉप दूर मोटारसायकलच्या पिशवीत. आता हा माणूस काही लिहून मोकळा होऊ शकत नाही, हे पाहूनच मी तोंड उघडलं. गायीचा मालक शेपूट धरून उभा होता, त्याचीही मी पर्वा केली नाही. काकू काय म्हणाल्या ते थेंबांसकट सगळं एका दमात सांगितलं.

साहेबांचा हात आत तसाच राहिला. गाय एक पाय उचलून परत टेकवून उभी राहिली. बराच वेळ झाला तसा मालक घाबरला.

"काय साहेब, गाभण नाही काय?"

"गाभण हाय," साहेब म्हणाले.

किती महिन्यांची, वासरू कधी, काही सांगितलं नाही. एरवी ते दिवसही सांगायचे. हात धुतला, पुन्हा धुतला, साबण मालकाला परत देताना त्याच्या हाताऐवजी बादलीत टाकला. परतताना अर्ध्या वाटेत त्यांनी गाडी हळू केली आणि मागे न पाहता विचारलं, "घंटी वाजली का मी मान वर करत नाही?"

मी म्हटलं, मले काय माहीत साहेब, मी तिथं नसते.

त्यांनी गाडीचा वेग परत वाढवला.

दुसऱ्या दिवशी नऊ वाजता टेबलावर लॅपटॉप होता आणि साहेब नव्हते. असं कधी झालं नव्हतं. रहीमभाई म्हणाले, पहिल्या गाडीनं गेले यवतमाळला, मॅडमला घेऊन. मी विचारलं, डॉक्टरांची वेळ घेतली होती का? नाही म्हणे, जाऊन बसतो म्हणाले. मी फाईलच्या तळाशी जाऊन पाहिलं. ती ओळ होती, आणि तिच्यापुढे अजूनही तारीख नव्हती. त्या दिवशीच्या यादीत अकरा ओळी होत्या. त्यातलं आजचं कुठलं आणि पाच दिवसांनंतरचं कुठलं, हे शोधण्यात माझी सकाळ गेली. मग कळलं की रहीमभाईंना अर्धी फाईल तोंडपाठ आहे.

यवतमाळला दोघं दोन दिवस नुसते बाकावर बसून होते. तिसऱ्या दिवशी नंबर लागला. उजवा डोळा राखला. डावा डोळा मात्र हातचा गेला होता. दिवाळीच्या आधी आले असते तर थोडं उरलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. साहेबांनी हे मला कोरडेपणानं सांगितलं, गायीबद्दल सांगावं तसं, आणि मग टेबलावरची कागदांची क्लिप उगाच इकडची तिकडे ठेवली. मला वाटलं, मी आठ दिवस गप्प बसले त्यांचाही हिशेब ह्यात धरायचा का?

परत आल्यावर यादीत खालपासून वरपर्यंत उशीर झालेली कामं होती. साहेबांनी ती शांतपणे एक एक पाहिली. ते बाहेर गेल्यावर मी तळाशी डोकावले. ती ओळ तिथं नव्हती. 'झालं' असं लिहून ठेवलेलंही नव्हतं, गेलीच होती. साहेब आल्यावर मी विचारलं.

"काढलं तिथून," ते म्हणाले. "माह्याकडं हाय ते."

त्यानंतर थेंबांची घंटी वाजली नाही. साहेब मध्येच उठून थेंब टाकायला घरी जायचे, कधी अकराला, कधी साडेबाराला, एकदा तर गाय तपासणीसाठी खोड्यात उभी असताना. दुसऱ्या कामांचाही थोडा घोळ व्हायला लागला. त्या महिन्यात ते दोन गोठे विसरले. लोक आश्चर्यानं दवाखान्यात येऊन विचारू लागले की साहेबांना बरं नाही का. काय सांगणार? मला तर ते आधीपेक्षा बरे वाटत होते, आणि दवाखान्याचं काम आधीपेक्षा वाईट चाललं होतं. दोन्ही एकदम खरं कसं असेल, ह्यावर मी अजून विचार करते.

पुढच्या उन्हाळ्यात ते निवृत्त झाले आणि काकूंच्या माहेरगावी, पुसदला, राहायला गेले. जाताना फाईल मला देऊन गेले. मी चार दिवस प्रयत्न केला आणि स्टेशनरीच्या दुकानातून एक डायरी आणली.

शेवटचे ते मला दिसले पुसदच्या बाजारात. मी सुट्टीवर घरी आले होते. रस्त्याच्या पलीकडे काकू एका वांगेवालीपुढे उकिडव्या बसल्या होत्या. एक एक वांगं फिरवून पाहत होत्या आणि कीड असेल ते बरोबर बाजूला काढत होत्या. साहेब त्यांच्या डाव्या अंगाला उभे, कुणाचा धक्का लागू नये म्हणून जरा पसरून. काकूंनी मला एवढ्या गर्दीतून आधी ओळखलं. हात वर केला, हसल्या. मी रस्ता ओलांडून साहेबांच्या मागे जाऊन पोचले, तर साहेब समोरच्या दुकानाकडे बोट दाखवून विचारत होते, "विमल, ती पाटी दिसते काय?"

पाटीवरची अक्षरं वीतभर होती. काकूंची नजर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरली, शेवटच्या अक्षरापर्यंत.

"नाही दिसत," काकू म्हणाल्या. "वाचा ना."

साहेब त्यांच्या शेजारी खाली बसले आणि वाचायला लागले. शिलाई मशीन दुरुस्त करून मिळेल, जुन्या मशीनची खरेदी-विक्री, चौकशी आत करावी. खालचा बारीक मजकूरही त्यांनी सोडला नाही. काकूंनी त्यांच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि बोट ओठांवर ठेवलं.

"अन् तिच्या बाजूची?" साहेबांनी विचारलं.

"ते बी नाही," काकू म्हणाल्या.